हातापुढे हरलीच पाहिजे अशी मोटर

टेक्सासला राहणाऱ्या माझ्या एका मित्राकडे आरव्ही-७ आहे. दोन सीटचं छोटं विमान, ओरेगॉनमधल्या व्हॅन्स एअरक्राफ्टच्या किटमधून कुणीतरी आपल्या गॅरेजमध्ये रिव्हेट ठोकत ठोकत बांधलेलं, आणि याने नंतर सेकंडहँड घेतलेलं. घरी बांधलेलं विमान म्हटलं की आपल्याला कांदिवलीच्या गच्चीवरचे कॅप्टन अमोल यादव आठवतात आणि परवानगीसाठी त्यांनी घातलेले खेटेही आठवतात. अमेरिकेत हा रीतसर प्रकार आहे. अर्ध्याहून जास्त काम हौशी माणसाने हौसेसाठी किंवा शिकण्यासाठी केलेलं असलं की विमान 'एक्सपेरिमेंटल'मध्ये रजिस्टर होतं, आणि पुढे त्यात काही नवीन बसवायचं तर फॅक्टरीत बनलेल्या विमानासारखी आधीच मंजूर झालेल्या डिझाईनची कागदं लागत नाहीत. लॉगबुकात नोंद करायची, वर्षातून एकदा तपासणी करून घ्यायची, बाकी तुमची अक्कल आणि तुमचाच जीव.

तर याला ऑटोपायलट बसवायचा होता आणि मी नेमका तेव्हाच सुट्टीला गेलो होतो. मला विमान उडवता येत नाही, पण पाना धरता येतो, म्हणून दहातले सहा दिवस हँगरमध्येच गेले.

मला आधी वाटायचं ऑटोपायलट म्हणजे मोठा काहीतरी डबा असणार. तसं नाही. त्याचा मेंदू बहुतेक वेळा विमानात आधीच असतो, समोरच्या स्क्रीनमागे, कारण विमान किती कललंय, नाक वर आहे की खाली हे सांगणारे बारीक सेन्सर (मोबाईलमध्ये असतात त्याच जातीचे, फक्त जास्त नीट कॅलिब्रेट केलेले) आणि जीपीएस हे सगळं तिथे चालूच असतं. नसतो तो हात. स्टिक, म्हणजे पायलटच्या पायांमधला विमान वळवायचा दांडा, हलवणारा हात म्हणजे सर्व्हो. असे दोन लागतात, एक डावी-उजवीकडे कलण्यासाठी पंखात आणि एक नाक वर-खाली करण्यासाठी शेपटाकडे, सामानाच्या कप्प्यामागे. एकेक साधारण किलोभराचा.

ही कल्पना जुनी आहे. १८ जून १९१४ला पॅरिसजवळ सेन नदीवर लॉरेन्स स्पेरी नावाच्या २१ वर्षांच्या पोराने परीक्षकांसमोर विमान नेलं, दोन्ही हात वर केले, आणि त्याचा मेकॅनिक चालू विमानात पंखावर चालत गेला. वजन एका बाजूला गेल्यावर विमान कलंडायला हवं होतं, पण जायरोस्कोपने (गरगर फिरत आपली दिशा न सोडणाऱ्या चाकाने) ते सरळ केलं आणि स्पेरीला ५०,००० फ्रँकचं बक्षीस मिळालं.

मला सगळ्यात गंमत वाटली ती मोटर निवडताना. इंजिनीअर माणसाला वाटतं मोटर जितकी दणकट तितकी चांगली, आणि इथे बरोब्बर उलटं. सर्व्होने एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची विमान कलवणारी फळी, हलवलं पाहिजे, पण सेन्सर वेडा झाला किंवा सॉफ्टवेअर अडकलं आणि सर्व्हो भलतीकडे ओढायला लागला, तर पायलटने एका हाताने स्टिक खेचली की तो हरला पाहिजे. दर वेळी.

त्यासाठी बऱ्याच सर्व्होंत स्टेपर मोटर असते, प्रिंटरमध्ये असते तीच. जुन्या प्रिंटरची मोटर बोटांनी फिरवून बघा, टकटकटक असे खाचे लागतात, ते आतल्या चुंबकाचे दात. करंट दिला की मोटर एका दाताला धरून बसते, पण जोर जास्त पडला तर घसरून पुढच्या दातावर जाते आणि काही मोडत नाही. करंट कमी केला की पकड कमी, म्हणजे सर्व्हो किती हट्टी असावा हे स्क्रीनवरून टक्क्यांत ठरवता येतं. डायनॉन कंपनीचा सगळ्यात छोटा सर्व्हो पूर्ण ताकदीवर ३६ इंच-पाउंड टॉर्क (पिळायचा जोर) देतो, म्हणजे त्याची आर्म, मोटरवरची फिरणारी छोटी दांडी, दीड इंचाची धरली तर टोकाला २४ पाउंड, साधारण ११ किलोची ओढ, आणि स्टिकला तरफेचा फायदा असल्याने पायलटला त्याहून बरंच कमी लागतं. काही कंपन्या मोटर आणि गिअरच्या मध्ये क्लच घालतात, बंद केलं की मोटर सुटीच होते. आणि एवढं करूनही समजा गिअरच अडकला तर आर्म एका मऊ शिअर स्क्रूवर बसवलेली असते, स्टिक जोरात ओढली की तो स्क्रू तुटतो आणि आर्म मोकळी. शिवाय स्टिकवर ऑटोपायलट बंद करणारं लाल बटण, पॅनेलवर त्याची वीज तोडणारा ब्रेकर. एका मोटरला हरवायला चार-चार वाटा!

पण मोटर कितीही नरम ठेवली तरी एक गोष्ट या सगळ्या वाटा बंद करू शकते आणि ती बिनविजेची आहे, नुसती भूमिती. आजीचं पायमशीन आठवा. पाय मारायला सुरुवात करताना दांडा नेमका सरळ रेषेत आलेला असेल तर कितीही दाबा, चाक हलत नाही, किंवा उलटं फिरतं आणि दोरा तुटतो, म्हणून आजी आधी हाताने चाकाला धक्का द्यायची. सर्व्होची आर्म आणि तिला जोडलेला रॉड एका रेषेत आले की हेच होतं. आर्म त्या रेषेच्या पलीकडे गेली की स्टिक परत ओढल्यावर आर्म मागे यायच्या ऐवजी अजूनच पुढे जाते आणि कंट्रोल अडकतात. विमान हवेत, स्टिक एका बाजूला, आणि हाताला चाक नाही. म्हणून आर्म मधल्या स्थितीपासून दोन्हीकडे ६० अंशांच्या आतच फिरली पाहिजे असा दंडक असतो, आणि वर एक पत्र्याचा स्टॉप बसवतात.

ते तपासायचं काम माझ्याकडे आलं. मी शेपटाच्या नळकांड्यात टॉर्च तोंडात धरून आडवा, मित्र वर बसून स्टिक चारही कोपऱ्यांना नेतोय आणि दर वेळी विचारतोय, "बोल, कितीये?", आणि माझं तोंड टॉर्चने बंद. शेवटी दोनदा टकटक म्हणजे ठीक असं ठरलं.

पंखातलं काम जास्त छळवादी. विमान बांधताना पंख उघडा असतो तेव्हा हेच काम तासाभराचं असेल, पण तयार पंखात हात जाईल एवढंच तपासणीचं भोक असतं, आणि एक हात आत गेला की आतलं दिसत नाही. जुना बोल्ट काढून जास्त लांबीचा घालायचा, वॉशर दोन बोटांत धरून आरशात बघत बसवायचा, आरशात डावं-उजवं उलटं, एक वॉशर पडला की अर्धा तास चुंबकाची काठी घेऊन शोधाशोध, आणि तो सापडल्याशिवाय झाकण लावायचं नाही कारण सुटा वॉशर कंट्रोलमध्ये कुठेही जाऊन बसू शकतो. नट २० ते २५ इंच-पाउंडांवर कसायचा, म्हणजे मनगटाचा जोर लागतच नाही. वर रंगाची रेघ ओढायची, पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय. वायर मात्र पटकन गेली, कारण मूळ बांधणाऱ्याने पाइपात दोरी सोडून ठेवली होती, पायजम्यात नाडी ओवावी तशी ओढून घेतली. त्या अनोळखी माणसाला आम्ही मनोमन नमस्कार केला.

सांध्यांत जरा जरी ढिलेपणा राहिला तर काय होतं ते जुनी ॲम्बॅसेडर चालवलेल्यांना सांगायला नको. स्टिअरिंगला प्ले असला की ड्रायव्हर सरळ रस्त्यावरही सारखा डावी-उजवी करत राहतो. ऑटोपायलटचंही तेच. मोटर फिरते, ढिलाईत वाया जाते, मेंदूला वाटतं अजून द्यायला हवं, मग जास्तच होतं आणि विमान झोके घेत चालतं. मग लोक स्क्रीनवर सेन्सिटिव्हिटीचे आकडे बदलत बसतात, दोष असतो बोल्टात.

उडायच्या आधी जमिनीवर ऑटोपायलट चालू करून उजवीकडे वळ म्हणून सांगितलं, तर स्टिक सावकाश डावीकडे गेली. सेटिंगमध्ये दिशा उलटी होती. एक टिकमार्क बदलला. हे वर कळलं असतं तर काय, यावर दोघांपैकी कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवा शांत असताना भरपूर उंची घेऊन त्याने बटण दाबलं. स्टिक माझ्या गुडघ्यांमध्ये आपोआप बारीक बारीक हलायला लागली, कुणीतरी अदृश्य माणूस बसलाय असं वाटलं. त्याने लगेच हाताने खेचून बघितलं, सर्व्हो घसरला, परत धरला, परत घसरला. असं सात-आठ वेळा. मी म्हटलं, "अरे आता हात सोड ना जरा." त्याने सोडला, पण अंगठा लाल बटणावरच.