जंताचं औषध लागू पडलं का? लीद मोजा

घोड्याला जंताची पेस्ट दिली आणि दुसऱ्या दिवशी लिदीत चार पांढरे जंत दिसले, की मालक निर्धास्त होतो. पण लिदीत पडलेले जंत मेलेल्यांची हजेरी सांगतात, आत किती उरले ते सांगत नाहीत. घोड्यात सर्वाधिक आढळणारे लहान स्ट्राँगाइल जंत तर केसासारखे बारीक, बहुतेक दोन सेंटिमीटरहून आखूड असतात. लिदीत ते नजरेला पडतीलच असं नाही. औषध चाललं की नाही हे कळायचा भरवशाचा मार्ग म्हणजे औषधाआधी आणि औषधानंतर १४ दिवसांनी लिदीतली अंडी मोजणं.

नमुना औषध द्यायच्या आधी घ्यायचा, शक्यतो त्याच दिवशी सकाळी. ताज्या लेंड्यांतल्या मातीला न टेकलेल्या दोन-तीन उचलून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायच्या, हवा पिळून काढायची आणि गाठ मारायची. पिशवीवर घोड्याचं नाव आणि तारीख लिहायची. इथे सोलापूरचं ऊन घात करतं. चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. नमुना गाडीच्या डिकीत राहिला तर अंड्यांतून अळ्या बाहेर पडतात, आणि मोजायला अंडीच उरत नाहीत. आकडा खोटा कमी येतो. म्हणून पिशवी बर्फाच्या डब्यात ठेवून न्यायची आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, साधारण ४ अंशांवर ठेवायची. बर्फाच्या कप्प्यात मात्र नाही, गोठल्यावर अंडी बिघडतात.

मोजणीसाठी ४ ग्रॅम लीद आणि २६ मिली संपृक्त मिठाचं पाणी लागतं. एक लिटर गरम पाण्यात सुमारे ४०० ग्रॅम मीठ ढवळायचं. थोडं तळाशी विरघळायचं राहिलं म्हणजे पाणी संपृक्त झालं. गार झाल्यावर वरचं निवळ पाणी घ्यायचं. याची विशिष्ट घनता (साध्या पाण्याच्या तुलनेतला जडपणा) १.२० भरते, त्यामुळे अंडी तरंगतात आणि चोथा बराचसा खाली बसतो. लीद त्यात चांगली कालवून चहाच्या गाळणीतून गाळायची, पुन्हा ढवळायची आणि ढवळता ढवळताच मधल्या थरातून पिपेटने ओढून मॅकमास्टर काचपट्टीचे, म्हणजे अंडी मोजायला चौकटी आखलेल्या काचेचे, दोन्ही कप्पे भरायचे. ढवळणं थांबलं की अंडी लगेच वर येऊ लागतात, आणि वरून ओढलं तर आकडा फुगतो. पाच ते दहा मिनिटं थांबून सूक्ष्मदर्शकात १०० पट वर्धनाखाली दोन्ही चौकटींतली अंडी मोजायची. बेरजेला २५ ने गुणलं की एका ग्रॅम लिदीतली अंडी मिळतात, कारण दोन कप्प्यांतल्या ०.३ मिली द्रावात ०.०४ ग्रॅम लीद असते. फार वेळ दवडू नये. मिठाचे स्फटिक जमले की काही दिसत नाही.

स्ट्राँगाइलचं अंडं लांबट, पातळ कवचाचं, आत द्राक्षाच्या घडासारख्या पेशी. शिंगरांत आढळणाऱ्या मोठ्या गोल जंताचं अंडं गोल, जाड, खरबरीत तपकिरी कवचाचं. हवेचा बुडबुडा काळ्या कडेचा, आतून रिकामा असतो. नवख्याची गल्लत बुडबुड्यातच होते.

आता हिशेब. समजा सहा घोड्यांची औषधाआधीची ग्रॅममागची अंडी ६००, ४५०, ११००, ३७५, ८०० आणि ५२५. बेरीज ३८५०. चौदाव्या दिवशी त्याच घोड्यांची बेरीज १७५ आली. घट ९५.५ टक्के. ऐकायला छान वाटतं, पण औषध कोणतं यावर अर्थ ठरतो. आयव्हरमेक्टिनला ९८ टक्क्यांपेक्षा जास्त घट हवी, म्हणजे ९५.५ हा संशयाचा आकडा आहे. ९५ च्या खाली गेला तर जंत औषधाला जुमानत नाहीत असं धरायचं. फेनबेंडाझोलला तीच घट चालते, तिथे धोक्याची रेघ ९० ला आहे. पायरँटलला ८५ ला. निदान सहा घोडे असावेत, तेही आधी २०० पेक्षा जास्त अंडी असलेले. मुळात दोन-चारच अंडी दिसत असतील तर एखाद्या अंड्याच्या फरकाने टक्केवारी कुठल्या कुठे जाते.

घट कमी आली म्हणून लगेच औषधाला बोल लावू नये. आधी डोस तपासावा. वजन डोळ्यांनी अंदाजलं की ते बहुधा कमीच धरलं जातं. टेपने छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये घ्यावीत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १५० आणि लांबी १४५ असेल तर वजन सुमारे २७५ किलो. फेनबेंडाझोल किलोमागे ५ मिलिग्रॅम, म्हणजे १३७५. ‘असेल दोनशे किलो’ म्हणून १००० दिलं की चौथ्या हिश्श्याहून जास्त औषध कमी पडतं, आणि अर्धवट डोसातून वाचलेले तगडे जंतच पुढची पिढी घालतात. तोंडात कडब्याचा घास असेल तर पेस्ट घासाबरोबर बाहेर पडते, म्हणून आधी तोंड रिकामं करावं. गाई-म्हशींसाठीचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन घोड्याला टोचण्याचा शॉर्टकट तर नकोच. टोचल्या जागी जिवावर बेतणारा संसर्ग होऊ शकतो.

या चाचणीचीही मर्यादा आहे. आतड्याच्या भिंतीत दडून बसलेल्या अळ्या अंडी घालत नाहीत, त्यामुळे आकडा शून्य असूनही पोटात त्या हजारोंनी असू शकतात. चपटे जंत मोजायलाही ही पद्धत कुचकामी आहे.

मोजणीचा आणखी एक फायदा आमच्या मते सगळ्यात मोठा. एका पागेतले साधारण २० ते ३० टक्के घोडे ८० टक्क्यांच्या आसपास अंडी टाकतात. ते कोणते हे कळलं की सगळ्यांना सरसकट दर दोन महिन्यांनी औषध देणं सुटतं. सोलापूरकडे कोरड्या उन्हात अळ्या फार तग धरत नाहीत. खरा धोका पावसाळ्यात, जूनपासून ऑक्टोबरपर्यंत, हिरव्या चाऱ्यावरून असतो. मोजणीही त्याच्या आधी आणि नंतर ठेवावी.

दिवाळीच्या सुमारास अकलूजच्या घोडेबाजारातून नवा घोडा आणला, तर त्याला लगेच इतरांत सोडू नये. आधी लीद मोजावी, वजन काढून औषध द्यावं, १४ दिवसांनी पुन्हा मोजावं. तोवर त्याची लीद रोज उचलून वेगळ्या खड्ड्यात टाकावी.