छाती फुगलेलीच राहते तेव्हा

पर्वतीच्या पायऱ्यांवर कोणी वयस्कर गृहस्थ धाप लागून थांबले, की शेजारून जाणारा हमखास सांगतो, "काका, मोठा श्वास घ्या." सल्ला आपुलकीचा खरा, पण काकांना सीओपीडी, म्हणजे तंबाखूच्या किंवा चुलीच्या धुराने वर्षानुवर्षे पोसलेला फुप्फुसांचा आजार असेल, तर तो गैरलागू ठरतो, कारण त्यांची मुख्य अडचण हवा बाहेर सोडण्याची असते.

फुप्फुसाची लवचीकता गेली, की लहान श्वासनलिकांना उघडे धरणारा ताण उरत नाही आणि उच्छ्वासाच्या वेळी त्या मिटू लागतात. मिनिटाला १५ श्वास असतील तर एका श्वासाला ४ सेकंद मिळतात. चढावर तेच ३० झाले, की २. आधीची हवा बाहेर पडण्यापूर्वीच पुढचा श्वास सुरू होतो आणि छाती फुगलेलीच राहते.

याचा खरा फटका श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासाच्या मुख्य स्नायूला बसतो. निरोगी श्वासपटल घुमटाकार असते आणि त्याच्या कडा खालच्या बरगड्यांना आतून लगटून जवळजवळ उभ्या असतात. त्यामुळे ते आकुंचन पावताच बरगड्या बादलीच्या कडीप्रमाणे वर आणि बाहेर उचलल्या जातात. अडकलेल्या हवेने ते चपटे झाले, की तेच स्नायुतंतू आडवे होतात, बरगड्यांना आत ओढतात आणि आधीच आखडल्यामुळे त्यांचा जोरही कमी पडतो. अशा रुग्णाच्या खालच्या बरगड्यांवर दोन्ही तळहात ठेवले, तर श्वास घेताना ते एकमेकांपासून दूर जाण्याऐवजी जवळ येतात. या खुणेला हूवरचे चिन्ह म्हणतात.

छाती मोकळी करणाऱ्या व्यायामांनी आखडलेले खांदे, मान आणि बरगड्यांमधले स्नायू सैल होतात, परंतु श्वासपटल पुन्हा घुमटाकार होत नाही. 'आठ दिवसांत फुप्फुसे स्वच्छ' करणारे व्हॉट्सॲपवरचे काढे तर नष्ट झालेले वायुकोश मुळीच परत आणत नाहीत. ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडल्यास मात्र श्वासनलिकांत किंचित दाब टिकतो आणि त्या लवकर मिटत नाहीत.

अशा रुग्णांच्या पुनर्वसनाचा, म्हणजे व्यायामाने ताकद परत मिळवून देणाऱ्या उपचाराचा, मुख्य भर पायांवर असतो, हे अनेकांना चमत्कारिक वाटते. सहा ते आठ आठवडे नियमित चालण्याने मांड्यांचे स्नायू सुधारले, की तेवढ्याच श्रमात लॅक्टिक आम्ल कमी तयार होते, श्वासाची गती उतरते आणि उच्छ्वासाला जास्त वेळ मिळतो. स्पायरोमेट्रीचा, म्हणजे नळीत फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजणाऱ्या चाचणीचा, आकडा बहुधा तिथेच राहतो; वाढते ते सहा मिनिटांत चालून होणारे अंतर, आणि त्यात सुमारे ३० मीटरांची भर पडली तरी ती रुग्णाला जाणवण्याजोगी मानली जाते.