जिंझू नदीचं कॅडमियम: भरपाईपेक्षा मोलाचा करार

नुसत्या खोकल्यानं बरगडी मोडायची, अशा बायका जपानच्या तोयामा प्रांतात जिंझू नदीकाठी होत्या. बहुतेक पस्तिशी ओलांडलेल्या, बरीच बाळंतपणं झालेल्या शेतकरणी. आधी कंबर दुखायची, मग चाल बिघडायची, शेवटी अंथरूण. ‘दुखतंय, दुखतंय’ या कण्हण्यावरूनच आजाराला इताई-इताई म्हणू लागले. १९१० च्या दशकापासून रुग्ण होते. पण कर्मभोग म्हणून घरात झाकून ठेवायचे, कारण कळलं तर त्या घरात मुलगी द्यायला कुणी तयार होत नसे.

नदीच्या वरच्या अंगाला, गिफू प्रांतात, कामिओकाची खाण होती. १८७४ पासून मित्सुई या बड्या उद्योगसमूहानं ती हळूहळू ताब्यात घेतली. जस्ताच्या खनिजात कॅडमियम हा विषारी धातू असतोच. त्या काळी त्याला भाव नव्हता, म्हणून ते गाळाबरोबर नदीत जायचं. युद्धांमुळे जस्ताची मागणी वाढली, खनिज अधिक बारीक दळलं जाऊ लागलं आणि बारीक गाळ दूरवर वाहत गेला. नदीतून पाटात, पाटातून भातखाचरात, तिथून ताटात. पिण्यालाही पाटाचंच पाणी. कॅडमियम आधी मूत्रपिंड बिघडवतं. मग हाडं घट्ट ठेवणारी द्रव्यं लघवीवाटे निघून जातात.

युद्धावरून परतलेले गावचे डॉक्टर हागिनो नोबोरू यांनाही सुरुवातीला हा कुपोषणाचा आणि अतिकष्टाचा परिणाम वाटला होता. पण रुग्णांची घरं नकाशावर मांडली, तेव्हा ती सगळी एकाच पट्ट्यात आली: जिथे जिंझूचं पाणी शेतीला होतं तिथे. शेजारच्या इदा आणि कुमानो नद्यांवर भिजणाऱ्या गावांत हा आजार नव्हता. १९६१ मध्ये त्यांनी कृषितज्ज्ञ योशिओका किनइची यांच्यासह कॅडमियमचं नाव जाहीरपणे घेतलं. सरकारला ते मान्य करायला १९६८ उजाडलं.

त्याच वर्षी रहिवासी कोर्टात गेले. जपानच्या खाण कायद्यानुसार कंपनीचा निष्काळजीपणा सिद्ध करायची गरज नव्हती. विष आणि आजार यांचा संबंध दाखवला की पुरे. कंपनी शरीरातल्या प्रत्येक टप्प्याचा पुरावा मागत राहिली, पण न्यायालयांनी रोग कुठे आणि कुणात आढळतो हा पुरावा ग्राह्य धरला. १९७१ मध्ये रहिवासी जिंकले, १९७२ मध्ये अपिलातही.

माझ्या मते खरी कमाई त्यानंतरची आहे. अपिलाच्या निकालाच्या दुसऱ्याच दिवशी रहिवाशांनी मित्सुईकडून भरपाईखेरीज आणखी दोन गोष्टी लिहून घेतल्या. एक, जमीन पूर्ववत करण्याची हमी. दुसरी, रहिवासी आणि त्यांचे तज्ज्ञ हवं तेव्हा खाणीत शिरून तपासणी करतील, खर्च कंपनीचा. भरपाईचा धनादेश एकदाच वटतो. हा हक्क दरवर्षी वापरला गेला. शेतकरी आणि प्राध्यापक मिळून सांडपाण्याच्या वाटा, गाळाचे बांध, जुने ढिगारे पाहत राहिले आणि नदीतलं कॅडमियम नैसर्गिक पातळीजवळ आलं.

जमिनीला जास्त वेळ लागला. दूषित माती खाली गाडून वर स्वच्छ मातीचा थर द्यायचा, असं करत ८६३ हेक्टर शेतं दुरुस्त झाली, ती २०१२ मध्ये. अधिकृत रुग्ण सुमारे २००. मूत्रपिंड बिघडूनही ‘रुग्ण’ न ठरलेल्यांसाठी माणशी ६ लाख येन आणि कंपनीची माफी यायला २०१३ चा डिसेंबर लागला. खाणकाम २००१ मध्येच थांबलं होतं. रहिवाशांची तपासणी मात्र त्यानंतरही चालू राहिली.