पंप वेगळा, सेन्सर वेगळा

एका रात्री बायको म्हणाली, "इन्शुलिन पंप घ्यावा का, विचार करतेय." मी लगेच हो म्हणालो. इतक्या लगेच, की तिला शंका आली. "पंप काय करतो, सांग बरं?" मी म्हणालो, "झोपेत तुझी शुगर लो झाली की वाजतो. आपल्याला उठवतो." ती हसायला लागली. "अरे, ते सेन्सरचं काम. नुसत्या पंपाला माझी शुगर किती आहे याचा पत्ताही नसतो."

लग्नापूर्वीपासून तिला टाइप वन डायबेटिस आहे. मी तिची इन्शुलिन टोचायची पेनं हाताळतो, सुया आणतो, आणि तरीही ही सरमिसळ करत होतो. थोडा दोष यंत्रांचाही आहे. दोन्ही अंगाला चिकटलेली, दोन्ही वाजणारी, दोन्हींचं काहीतरी ठरावीक दिवसांनी बदलायचं. पण त्यांचे जन्मसुद्धा वेगवेगळ्या काळातले आहेत. अंगावर बाळगायच्या पंपाने त्वचेखाली सतत इन्शुलिन देण्याचे प्रयोग लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केले. शुगर सतत मोजणाऱ्या पहिल्या सेन्सरला अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९९९ मध्ये. मधली वीसेक वर्षं पंपवाली माणसं बोटं टोचूनच शुगर बघत होती.

तर पंप इन्शुलिन देतो. पेनवरची माणसं सहसा दोन प्रकारचं इन्शुलिन घेतात, दिवसभर पुरणारं लाँग ॲक्टिंग आणि जेवणाआधीचं रॅपिड. पंपात फक्त रॅपिड भरतात. ते दर काही मिनिटांनी अगदी कणाकणाने आत सोडलं जातं, त्याला बेसल म्हणतात. जेवताना कार्ब, म्हणजे कार्बोहायड्रेट, मोजून आपण वेगळा डोस द्यायचा, तो बोलस. ही मोजदाद पंपाने सुटत नाही, हेही मला त्याच रात्री कळलं. सुटतं ते रोजचं चार-पाच वेळा टोचणं. त्याऐवजी दोन-तीन दिवसांनी एकदा कॅन्युला, म्हणजे त्वचेखाली राहणारी बारीक नळी, बसवायची. आणि तिच्या दृष्टीने मोठी गोष्ट म्हणजे बेसल तासागणिक बदलता येतो. पहाटे शुगर चढत असेल तर तेवढ्यापुरता वाढवायचा, व्यायामाला जायच्या आधी कमी करायचा. एकदा टोचलेलं लाँग ॲक्टिंग काही परत काढून घेता येत नाही.

याची दुसरी बाजू जोडीदाराला पाठ हवी. पंपावर असलेल्या माणसाच्या अंगात लाँग ॲक्टिंगचा साठाच नसतो. कॅन्युला आत मुडपली, पंपाच्या नळीत हवा शिरली, साइट (कॅन्युला बसवलेली जागा) सुटली, तर काही तासांत शुगर चढते, इन्शुलिनअभावी रक्तात कीटोन्स नावाची आम्लं वाढतात आणि गोष्ट कीटोॲसिडोसिसपर्यंत, म्हणजे जिवावर बेतण्यापर्यंत, जाऊ शकते. वाट अडली तर पंप वाजतो, पण तेही बरंच उशिरा. कॅन्युला बाहेर येऊन इन्शुलिन कपड्यात मुरत असेल तर त्याच्या लेखी डोस पोचलेला असतो. अशा वेळी नाक कामाला येतं. इन्शुलिनमध्ये फिनॉलच्या जातीचं प्रिझर्व्हेटिव्ह असतं, त्यामुळे दवाखान्यासारखा उग्र वास येतो. शुगर विनाकारण चढलेली आहे आणि बोलस देऊनही उतरत नाही, तर पंपावर विसंबायचं नाही. कीटोन तपासायचे, डोस पेनने द्यायचा आणि साइट नवी करायची. कीटोन वाढलेले असतील किंवा उलट्या सुरू झाल्या तर डॉक्टर गाठायचा. म्हणून पंप आला तरी पेनं घरात राहतात, आणि त्यांच्यावरची तारीख बघणं हे माझं काम असेल असं आमचं ठरलं आहे.

सेन्सर काही देत नाही, सांगतो. केसासारखा बारीक तंतू त्वचेखाली बसतो आणि दर एक ते पाच मिनिटांनी आकडा फोनवर पाठवतो. बहुतेक सेन्सर दहा ते पंधरा दिवस चालतात. आकड्याशेजारी बाण असतो, आणि मला विचाराल तर आकड्यापेक्षा बाण महत्त्वाचा. ९० आणि आडवा बाण म्हणजे निवांत झोपा, ९० आणि खाली बाण म्हणजे उठा. सेन्सर रक्तातली शुगर मोजत नाही, पेशींच्या मधल्या द्रवातली मोजतो. त्यामुळे शुगर भराभर बदलत असेल तर तो पाच-पंधरा मिनिटं मागे असतो. तिने ग्लुकोजच्या गोळ्या खाल्ल्या तरी आकडा खालीच दिसतो, आणि शेजारी बसलेला माणूस घाबरून आणखी खाऊ घालतो. तो माणूस मीच.

सेन्सर आम्ही आधी घेतला. पहिल्याच आठवड्यात रात्री तीनला ठणाणा, आकडा ५४. मी दिवा लावला, गोळ्यांची डबी शोधली, तिला हलवलं. तिने एक डोळा उघडून बोट टोचलं, ग्लुकोमीटरवर ११२. सेन्सर लावलेल्या दंडावरच ती झोपली होती. दाब पडला की तिथला द्रव हलतो आणि सेन्सर खोटा लो दाखवतो. तिने कूस बदलली. मी डबी हातात धरून बसून होतो.

दोन्ही यंत्रं एकमेकांशी जोडता येतात, आणि गोंधळ बहुतेक तिथूनच सुरू होतो. सेन्सरचा आकडा बघून पंप स्वतःच बेसल कमी-जास्त करतो, अशी पहिली प्रणाली अमेरिकेत २०१६ मध्ये मान्य झाली. हायब्रिड म्हणतात तिला, कारण जेवणाचं आजही बहुधा आपल्यालाच सांगावं लागतं. कुणी नुसतं "पंप" म्हणालं तर साधा की जोडलेला, आणि कोणत्या सेन्सरशी जुळणारा, हे विचारायचं. कुठलाही पंप कुठल्याही सेन्सरशी जुळत नाही.

हे सगळं समजल्यावर एक गोष्ट लख्ख दिसली. रात्रीची भीती माझी होती. त्यावर इलाज सेन्सरचा, आणि मी नाव घेत होतो पंपाचं. तिला हवं होतं ते टोचणं कमी आणि दिवस थोडा मोकळा. पंप अंगावर बाळगायचा आहे तिने, झोपताना, अंघोळीआधी काढून ठेवताना, कपडे निवडताना. तेव्हापासून मी "घेऊन टाक" म्हणणं बंद केलं.

सेन्सरचा आकडा माझ्याही फोनवर येतो, त्यावरून मात्र भांडण झालं. मी ऑफिसातून विचारायचो, "१९० का आहे?" तिच्या मते हा प्रश्न नव्हताच, उलटतपासणी होती. शेवटी माझ्या फोनवरचे सगळे इशारे तिने बंद केले आणि फक्त ६० च्या खालचा ठेवला. तो वाजला तर आधी मेसेज, दहा मिनिटांत उत्तर नाही तर फोन. १९० शी माझा संबंध नाही.

पंपाचा निर्णय अजून व्हायचा आहे. डॉक्टरांनी चाचणी म्हणून नुसतं सलाइन भरलेला पंप आठवडाभर लावायला दिला आहे, इन्शुलिन पेननेच चालू आहे. आज तिसरा दिवस. सकाळी नळी कपाटाच्या मुठीत अडकली, ती जागच्या जागी थांबली आणि तिने जे म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही. रात्री मी विचारलं, "काढून ठेवायचा का?" ती म्हणाली, "थांब, अजून चार दिवस आहेत."