माकडताप माकडामुळे होत नाही

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात आणि शेजारच्या गोव्यातल्या सत्तरीत काजूचा हंगाम आला की एक गोष्ट पुन्हा कानावर येते: माकडाने उष्टावलेलं फळ खाल्लं किंवा माकडाने बोचकारलं की माकडताप होतो. हे खरं नाही, आणि या समजापायी माणसं नको तिथे सावध राहतात.

या तापाचा विषाणू पसरवते ती गोचीड. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात हा आजार प्रथम ओळखला गेला. तिथे माकडं मरून पडत होती, म्हणून हे नाव चिकटलं. खरं तर माकड आपल्यासारखंच या रोगाचा बळी आहे. ते मेलं की अंगावरच्या गोचिडी खाली पाचोळ्यात उतरतात आणि तेवढी जागा धोक्याची होते. म्हणून मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवा. माकडं मारून तर काहीच साधत नाही.

चावते ती बहुतेकदा गोचिडीचं पिल्लू, तिळाएवढं, सहज न दिसणारं. डिसेंबर ते मे हा त्यांचा काळ, म्हणजे नेमका काजू आणि सरपण गोळा करण्याचा. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, घरी येताच गरम पाण्याने आंघोळ करा. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल किंवा काडीचा चटका नको. पुढच्या आठवडाभरात अचानक ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आधी सांगा. माणसाकडून माणसाला हा ताप होत नाही, त्यामुळे आजाऱ्याला वाळीत टाकू नका.