महॉगनी टेनर युकुलेले

महॉगनी लाकडाचा खोका असलेले, चार तारांचे, गिटारच्या घराण्यातील छोटे तंतुवाद्य. सोप्रानो, कॉन्सर्ट, टेनर आणि बॅरिटोन ही युकुलेलेची चार प्रचलित मापे. त्यांपैकी टेनरची एकूण लांबी सुमारे ६६ सेंमी. असते. दांडीच्या वरच्या पट्टीपासून घोडीपर्यंतचा तारेचा वाजता भाग सुमारे ४३ सेंमी., तर सोप्रानोत तो ३३ सेंमी. भरतो. या दहा सेंमी.मुळे पडद्यांमध्ये (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांमध्ये) बोटांना जागा मिळते, खोका मोठा होतो आणि नाद अधिक वेळ टिकतो.

युकुलेलेचा पूर्वज म्हणजे पोर्तुगालच्या मदैरा बेटावरचे माशेते हे वाद्य. ‘रेव्हन्सक्रॅग’ हे जहाज ऑगस्ट १८७९ मध्ये हवाईतील होनोलुलूला लागले. त्यातून उतरलेल्या मदैराच्या मजुरांत मानुएल नुनेस, आउगुस्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो हे तीन सुतार होते. त्यांनी हवाईतील कोआ लाकडातून ही वाद्ये घडवली. हवाईच्या राजा कलाकौआने त्यांना दरबारी मान दिला. महॉगनी यात आली ती अमेरिकेच्या मुख्य भूमीवर. पेनसिल्व्हेनियातील मार्टिन या गिटार कंपनीने १९१६ मध्ये बाजारात आणलेली युकुलेले महॉगनीची होती. टेनर माप १९२० च्या दशकात रूढ झाले.

महॉगनी कॅरिबियन बेटे आणि मध्य अमेरिकेतील वृक्ष असला तरी मुंबईकरांना तो परका नाही. दादरच्या पारशी कॉलनीतील फिरदौसी रोडवर दुतर्फा महॉगनीच आहेत. हा वृक्ष आपल्या कडुलिंबाच्या कुळातला. सतारीची दांडी आणि तबली (खोक्यावरची पातळ फळी) ज्या तूण लाकडाची करतात, तो तूणही याच कुळातला. जगाच्या दोन टोकांच्या कारागिरांनी तंतुवाद्यासाठी एकाच कुळातले लाकूड निवडावे, याचे फार अप्रूप वाटते.

नाद : वाद्याच्या आवाजावर सर्वांत मोठा परिणाम तबलीचा होतो, मागची आणि बाजूची फळी त्यानंतर. स्प्रूस या सूचिपर्णी लाकडाची तबली स्वच्छ, धारदार आणि लांबवर पोहोचणारा आवाज देते. कोआत गोडवा आणि वरच्या उपस्वरांची (मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या उंच स्वरांची) चमक असते. महॉगनीत मूळ स्वर पुढे येतो आणि तीव्र उपस्वर मागे राहतात. आघात मऊ लागतो, मधल्या सप्तकाला भराव येतो. मोठ्या सभागृहात हा आवाज मायक्रोफोनशिवाय अपुरा पडेल. मात्र चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, गाणाऱ्याच्या गळ्याला आधार द्यायचा असेल, तर याहून योग्य लाकूड नाही. ते गळ्याशी स्पर्धा करत नाही.

नेहमीच्या जुळणीत चार तारा, पेटीच्या पट्ट्यांच्या भाषेत, अनुक्रमे पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी तीन आणि पांढरी सहा या सुरांत लावतात. पांढरी एकला षड्ज मानला तर मोकळ्या तारा प, सा, ग, ध अशा बोलतात; म्हणजे भूप रागाचे पाचपैकी चार स्वर बोट न ठेवताच मिळतात. उरलेला रिषभ षड्जाच्या तारेवर दुसऱ्या पडद्यावर आहे. परंपरागत जुळणीत पंचमाची तार षड्जाच्या तारेहून उंच असते, त्यामुळे झंकारताना आवाज खेळकर होतो. टेनरवर अनेक जण तिच्याऐवजी जाड तार चढवून मंद्र पंचम घेतात. महॉगनीच्या भरीव आवाजाला हीच जुळणी अधिक शोभते, आणि भूपाचे मंद्रातले ध-सा हे चलनही तीत सापडते.

मर्यादाही सांगायला हव्यात. पडदे समान अंतरांच्या सप्तकावर बसवलेले असल्याने त्यावरचा गांधार तंबोऱ्यातल्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या सुराच्या सातव्या हिश्श्याइतका, चढा लागतो. पेटीबरोबर हे खटकत नाही, तंबोऱ्याबरोबर खटकते. तार ओढून मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरणे) घ्यायला वाव फार थोडा. त्यामुळे ख्यालापेक्षा भावगीत, बालगीत, केरवा-दादऱ्यातली गाणी यांतच हे वाद्य रमते. काळी तीनमध्ये गाणाऱ्या स्त्रियांसाठी सहाव्या पडद्यावर कॅपो (सर्व तारा एकदम दाबणारा चिमटा) लावला तरी टेनरच्या दांडीवर वाजवायला पुरेशी जागा उरते. सोप्रानोवर तिथे बोटांची दाटी होते.

रूप आणि स्पर्श : रंग तांबूस तपकिरी, उजेड लागेल तसा गडद होत जाणारा. लाकडाचे तंतू एकमेकांत गुंफलेले असल्याने वाद्य हलवले की फिकट-गडद पट्टे जागा बदलतात, धूपछाव कापडासारखे. महॉगनीची रंध्रे उघडी असतात. ती न भरता हलका मॅट हात दिलेल्या तबलीवर बोट फिरवले तर बारीक रेषा जाणवतात. चकचकीत लॅकरमध्ये हे सुख हरवते. दांडीवरची पट्टी पुष्कळदा भारतीय शिसवाची असते. तारा नायलॉन किंवा फ्लुरोकार्बनच्या असल्याने बोटे गिटारइतकी सोलत नाहीत.

मुंबईतील हवामान : पावसाळ्यात शहराची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांवर जाते. लाकूड पाणी ओढते, तबली किंचित फुगते, तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात आणि आवाज दबतो. महॉगनी तुलनेने कमी हलणारे लाकूड असल्याने ती हे बऱ्यापैकी सोसते. तरी अखंड फळीचे वाद्य बंद पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे आणि एसीच्या थेट झोतात कधीही ठेवू नये. थर चिकटवलेल्या प्लायची युकुलेले ओल अधिक सहन करतात, पण त्यांचा नाद वाढत्या वयाबरोबर फारसा मोकळा होत नाही.

धोबी तलावचे १८६५ पासूनचे फर्तादोज हे मुंबईत अशी वाद्ये हाताळून पाहण्याचे जुने ठिकाण. खरेदी करताना नादछिद्राची कड पाहावी : तबलीच्या रेषा कडेवरून सलग आत उतरत असतील तर फळी अखंड, थर दिसले तर प्लाय. सपेली, नातो ही लाकडेही ‘महॉगनी’ म्हणून विकली जातात. ती वाईट नसतात, पण विचारून घ्यावे. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी वाजवून झाल्यावर पडदे आणि खुंट्यांचे धातूचे भाग सुक्या फडक्याने पुसावेत. खाऱ्या हवेने आधी तेच काळवंडतात.