पुरवणी मागण्या (महाराष्ट्र विधिमंडळ)

अर्थसंकल्पात मंजूर झालेली रक्कम कमी पडली, किंवा वर्षाच्या मधेच नवा खर्च उभा राहिला, तर शासन विधानसभेपुढे जी जादा मागणी ठेवते ती पुरवणी मागणी. राज्यघटनेच्या कलम २०५ मध्ये तिची तरतूद आहे. राज्याच्या एकत्रित निधीतला, म्हणजे मुख्य तिजोरीतला, एक रुपयाही विनियोजन अधिनियमाशिवाय, म्हणजे खर्चाला परवानगी देणाऱ्या कायद्याशिवाय, काढता येत नाही, हे सभागृहाचे मूळ बळ. पण मागणी केव्हा आणायची आणि किती रकमेची, हे मंत्रिमंडळच ठरवते.

विधानसभा मागणी मंजूर करू शकते, नाकारू शकते, घटवू शकते. वाढवू मात्र शकत नाही. त्यामुळे तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयाला जास्त पैसे मिळावेत असे वाटणाऱ्या आमदाराला उलट्या वाटेने जावे लागते. तो आरोग्य विभागाच्या मागणीत शंभर रुपयांची कपात सुचवतो आणि त्या निमित्ताने रुग्णालयाचे गाऱ्हाणे मांडतो. मंत्री उत्तर देतात. सूचना मागे घेतली जाते, नाहीतर आवाजी मतदानाने फेटाळली जाते. कपात मंजूर होणे हा सरकारवरचा अविश्वास समजला जातो, म्हणून सत्ताधारी बाकांवरून तिला पाठिंबा मिळत नाही. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन, कर्जावरचे व्याज असा भारित खर्च, म्हणजे राज्यघटनेनेच थेट एकत्रित निधीवर टाकलेला खर्च, तर मताला टाकलाच जात नाही. विधान परिषद चर्चा करते, पण मागण्यांवर तिला मत नाही.

२०२४ साली २८ जूनला अर्थसंकल्प मांडला गेला आणि अकराच दिवसांनी, ९ जुलैला, ९४,८८९ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या सभागृहात आल्या. त्यात लाडकी बहीण योजनेसाठी सुमारे २५ हजार कोटी होते. ही योजना त्याच अर्थसंकल्पी भाषणात जाहीर झाली होती. योजनेच्या बऱ्यावाईटाचा प्रश्न वेगळा. जो खर्च आधीच ठाऊक आहे तो मूळ अर्थसंकल्पातच दिसायला हवा, नाहीतर मार्चमध्ये किंवा जूनमध्ये आमदार ज्या आकड्यांवर बोलतात ते अपुरेच राहतात.

मंजुरीनंतरही दोर कार्यकारी मंडळाच्याच हाती राहतो. वित्त विभाग 'बीम्स' या संगणकीय प्रणालीवर तरतूद सोडेपर्यंत विभागाला पैसा मिळत नाही, आणि ३१ मार्चला न वापरलेली रक्कम व्यपगत होते, म्हणजे विभागाच्या हातून जाते. उलट, मंजुरीपेक्षा जास्त खर्च झालाच तर तो महालेखापरीक्षकांच्या अहवालातून विधिमंडळाच्या लोकलेखा समितीपुढे जातो आणि समितीने तपासल्यावर नियमित करून घेण्यासाठी पुन्हा विधानसभेत येतो. तोवर पैसा खर्चून झालेला असतो.